खाडीकाठचा सोपा रस्ता, लाल खुणांसह

चहा घ्या आधी, गार होतोय. आणि एक अट आहे. हा किस्सा ऐकताना मध्येच "पण तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" असं विचारायचं नाही. हा प्रश्न मला बायकोने विचारलाय, मंडळाने विचारलाय, कुवेतच्या पोलिसांनी विचारलाय. उत्तर अजून मिळालेलं नाही!

गोष्ट नव्वदच्या दशकातली. इराकबरोबरची लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. मी नाशिकहून रिफायनरीत नोकरीला येऊन जेमतेम काही महिने. कुवेतच्या सालमिया भागात फ्लॅट, शुक्रवारी सुट्टी आणि सुट्टीला मराठी मंडळ. आता मंडळ म्हणजे काय हो? भाड्याचा हॉल, हॉलमध्ये एसी आणि एसीत तंबोला. दर शुक्रवारी! नाशिकला मी दर रविवारी एखाद्या गडावर असायचो. आणि इथे? मांडीवर तिकीट घेऊन "टू लिटल डक्स, ट्वेंटी टू" ऐकत बसायचो. वैताग नुसता!

एकदा कामासाठी शहराबाहेर पश्चिमेला जाताना मला ती जागा दिसली. खाडीचा काठ. ओहोटी लागलेली, ओला चिखल चमकतोय, त्यात हे एवढे फ्लेमिंगो! आणि काठाकाठाने गेलं की एका लहानशा टेकाडावर कुठल्या तरी जुन्या काळच्या दगडी भिंती, अर्धवट पडलेली एक कमान. सपाट वाट. चढ नाही, उतार नाही. आजीबाईंनासुद्धा जमेल असं चालणं. मी म्हटलं, झालं, आपला वॉकिंग ग्रुप इथेच सुरू करायचा.

मंडळाच्या बैठकीत विषय काढला. आमचे अध्यक्ष ढवळेसाहेब, तंबोल्याचे भक्त, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "चालायचं? म्हणजे पायी?"

"हो साहेब, पायीच."

"गाडी किती जवळ जाते?"

"अहो, गाडी जवळ गेली तर चालायचं कशाला?"

"तेच म्हणतोय मी. चालायचं कशाला?"

मग एकेक सुरू झालं. ऊन लागेल का, वारा लागेल का, टॉयलेट आहे का, बसायला खुर्च्या आहेत का. एक बाई म्हणाल्या, पडक्या भिंती बघायच्या तर मग नवऱ्याच्या गावीच गेलो असतो की. तासभर माझं डोकं पिकवून झाल्यावर ढवळेसाहेब म्हणाले, "ठीक आहे खैरनार, एक शुक्रवार दिला तुला. जमलं तर तुझा ग्रुप चालू. फसलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. हॉलमध्ये बसायचं आणि तंबोल्याचे आकडे पुकारायचे. कायमचे!"

कायमचे! मी इरेला पेटलो.

आता आपल्या माणसांना चालवायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दोघे बोलत बोलत पुढे जाणार, चौघी फोटो काढत मागे राहणार, कुणीतरी भलत्याच दिशेला शेंगा खात निघणार. गडावर जाताना आम्ही काय करायचो? आदल्या दिवशी एकाने पुढे जाऊन वाटेवर खुणा बांधून ठेवायच्या. लांबून दिसाव्यात म्हणून लाल कापडाच्या. अगदी साधी गोष्ट.

म्हणून गुरुवारी दुपारी मी एकटाच खाडीवर गेलो. कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक लाल कापड सापडलं होतं, त्याच्या लांब पट्ट्या फाडून नेल्या होत्या. काठावर पडलेल्या काठ्या वाळूत रोवल्या, एकेकीला पट्टी बांधत थेट त्या पडक्या कमानीपर्यंत गेलो. तिथे एक खड्डा होता. कुणी पडायला नको, म्हणून त्याच्याभोवती जरा जास्तच बांधल्या. मागे वळून बघितलं तर काय सुरेख दिसत होतं! वाऱ्यावर फडफडणारी लाल रांग, कुणी चुकूच शकणार नाही. मी शीळ घालत घरी आलो.

शुक्रवारी सकाळी आमची वरात निघाली. पुढे इक्बालभाईंची मिनीबस, मागे गाड्या. इक्बालभाई रत्नागिरीचे, सालमियात त्यांचं किराण्याचं दुकान. पंचवीस वर्षं कुवेतमध्ये काढलेली, अरबी अशी बोलायचे की तिथल्या लोकांना ते आपल्यातलेच वाटावेत. मी बसमध्ये उभं राहून जुन्या वास्तूंवर भाषण देत होतो. ऐकत कुणीच नव्हतं, पण वातावरण चांगलं होतं.

वळण घेतलं आणि इक्बालभाईंनी कचकन ब्रेक मारला.

समोर पोलिसांच्या दोन जीपा! रस्ता दोरी लावून बंद केलेला. काठावर सहलीला आलेली कुवेती कुटुंबं वैतागत सामान आवरत होती. शेगड्या विझवल्या जात होत्या, पोरं रडत होती. एक म्हाताऱ्या बाई खुर्चीवरून उठायलाच तयार नव्हत्या आणि दोन पोलीस त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेमका आजच? माझ्याच शुक्रवारी? मागून ढवळेसाहेबांचा आवाज आला, "खैरनार, मी हॉल रद्द केलेला नाही हां!"

मी तावातावाने खाली उतरलो. इक्बालभाई आधीच एका पोलिसाशी बोलून आले होते. चेहरा गंभीर. "साहेब, परत फिरू या. सुरुंग आहेत."

"सुरुंग? इथे?"

"लढाईतले. पहाटे मच्छीमाराने बघितलं नि फोन केला. सुरुंग शोधणारी मोठी गाडी येत्येय."

"काहीतरीच काय! मी स्वतः काल इथे येऊन गेलोय!"

आणि हे मी नुसतं इक्बालभाईंना सांगून थांबलो असतो तर? पण नाही! मी सरळ त्यांच्या कॅप्टनसमोर जाऊन उभा राहिलो आणि इंग्रजीत ठणकावलं, "इथे कसलाही धोका नाही! मी काल ही सगळी वाट चाललोय. त्या कमानीपर्यंत. जाऊन आणि येऊन!"

कॅप्टन उंच, जाड मिशीवाला. आधी त्याने मला खालून वर बघितलं. मग दोन्ही हातांनी माझे खांदे धरले. "तू? यातून चाललास? आणि जिवंत आहेस?" त्याने आकाशाकडे बघत देवाचे आभार मानले. सगळ्या पोलिसांनी मानले. त्या हट्टी म्हाताऱ्या बाईंनीसुद्धा खुर्चीतून माझ्याकडे बघत हात वर केले.

बसमधल्या बायकांचे डोळे पाणावले. माझी बायको नीलिमा धावत येऊन मला बिलगली. चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदा! "अहो, काही झालं असतं म्हणजे?" ढवळेसाहेब माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "वाघ आहेस रे तू." खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं. एवढा मान मला अख्ख्या कुवेतमध्ये कुणी दिला नव्हता.

तेवढ्यात कॅप्टनने विचारलं, "पण काल तुला लाल निशाणं दिसली नाहीत? लाल निशाण म्हणजे सुरुंग, इथल्या लहान पोरालाही माहीत असतं."

मी हसलो. "छे! काल एकही निशाण नव्हतं. काल इथे फक्त माझ्या..."

आणि मी खाडीकडे पाहिलं.

वाऱ्यावर फडफडत होती. लांबच लांब, थेट कमानीपर्यंत. आणि खड्ड्याभोवती जरा जास्तच.

डोक्यात एकच विचार. गप्प बसायचं? मोठी गाडी येईल, काही सापडणार नाही, सगळे घरी जातील आणि मी वाघच राहीन. काय हरकत आहे? मी तोंड मिटून घेतलं.

पण नीलिमाने फ्लेमिंगो बघायला दुर्बीण आणली होती ना! सुरुंग बघायला म्हणून तिने ती डोळ्यांना लावली आणि एकेक निशाण न्याहाळत गेली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "त्या दुसऱ्या निशाणाला खाली क्रोशाची झालर आहे."

"असेल. लष्कराचं काय सांगावं."

"ती झालर माझ्या आईने विणलीय!" ती कडाडली. "तो माझा परकर आहे! शालूवरचा!"

कॅप्टनने इक्बालभाईंना विचारलं, मॅडम काय म्हणतायत? इक्बालभाई कानापर्यंत लाल झाले. "खैरनारसाहेब, काय पण सांगायला सांगा, पण एवढं मी नाही बोलणार हां! बाईमाणसाचा परकर मी पोलिसाला कसा सांगू?"

"अहो, सांगा! नाहीतर मला आत टाकतील!"

शेवटी त्यांनी जमिनीकडे बघत दोन शब्द पुटपुटले. कॅप्टनला पटेना. त्याने स्वतः दुर्बीण घेतली, झालर पाहिली, नीलिमाकडे पाहिलं, चटकन नजर वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संध्याकाळच्या विमानात बसवतोय हा मला! पण त्याची मिशी थरथरायला लागली. हसू दाबत तो ओरडला, "सगळी काढायची! एकूण एक! आत्ता! बाकी कुणी आत पाऊल टाकायचं नाही. यल्ला, चल!"

आणि माझ्यावर लक्ष ठेवायला तो स्वतः निघाला.

मग काय, आम्ही दोघे चाललो. मी पट्ट्या सोडतोय, तो मागून येतोय. उजवीकडे फ्लेमिंगो, कोवळं ऊन, गार वारा. खरं सांगतो, इतकी सुंदर सकाळ मी कुवेतमध्ये दुसरी पाहिली नाही, आणि दाखवायला आपलं एकही माणूस बरोबर नव्हतं याचं फार वाईट वाटलं. कमानीपाशी पोहोचल्यावर मला राहवेना. बसमधलं अर्धवट राहिलेलं भाषण मी कॅप्टनलाच पूर्ण ऐकवलं. त्याने कुठल्याशा दगडावर बसून सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा मानही हलवली!

परत आलो तर गाड्यांच्या सावलीत चटया अंथरलेल्या, उपम्याचं पातेलं रिकामं आणि ढवळेसाहेब आकडे पुकारतायत. माझ्याकडे बघून त्यांनी तंबोल्याची पिशवी सरळ पुढे केली. नीलिमा तर तोंड फिरवून बसलेली.

माझ्या ग्रुपची शेवटची आशा उरली होती ती म्हणजे कॅप्टन. जीपमध्ये चढता चढता त्याने विचारलं, "चालणं छान होतं. तू दर शुक्रवारी येणार आहेस?"

"हो! नक्की!" मी हरखून गेलो. "तुम्ही याल?"

"नाही," तो म्हणाला. "शुक्रवारची ड्युटी दुसरीकडे मागून घेतो."