अक्काचं तोंड तपासायचं राहिलं

निर्मलाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी भुसावळच्या आरोग्य केंद्रात लसीकरणावर होते. त्यांच्या भाच्याचा फोन होता. "मावशी सकाळी जळगावच्या घरी कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला..." समोरच्या बाळाला लस टोचून मी बाहेर येऊन पायरीवर बसले. त्याला आता महिना होईल.

डॉ. निर्मलाताईंचं संशोधन तोंडाच्या कर्करोगावर. तो होऊच नये, झालाच तर वेळेत सापडावा, यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य घातलं. त्यांची परिचारिका म्हणून मी शिंदखेडा तालुक्यातली गावं हिंडले. तिथल्या बायका सकाळी जळक्या तंबाखूची मिसरी दातांना लावायच्या. पहिल्या गावात एकीनंही तोंड उघडलं नाही. सगळ्या ओठांवर पदर घेऊन बसलेल्या. ताई त्यांच्यात खाली बसल्या, बॅटरी एका म्हातारीच्या हातात दिली आणि तिच्याच अहिराणीत म्हणाल्या, "पहिले मनं तोंड देखा." मग स्वतःच आ केला. बायका हसल्या, आणि एकेक पदर खाली आला.

ताईंना आई नव्हती. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, शिरपूरजवळच्या गावात मजुरी करून त्यांना शिकवलं. अक्काही मिसरी लावायची. ताई सुट्टीत गेल्या की रागवायच्या, अक्का हसून विषय बदलायची. एका दिवाळीत अक्का एकाच बाजूनं चावतेय, हे ताईंच्या लक्षात आलं. गालाच्या आत जखम पार पसरली होती. ऑपरेशन झालं, पण फार उशीर झाला होता. मी भेटायला गेले तेव्हा अक्का अडखळत ताईंना म्हणाली, "बठ्ठा गावनं देखं तू... मनं तोंड कधी देखंच नही." सगळ्या गावाचं पाहिलंस, माझंच राहिलं, असं म्हणताना तिच्या आवाजात राग नव्हता, तेच सोसवत नव्हतं. ताई तिचे पाय चेपत राहिल्या.

अक्का गेल्यावर पंधरा दिवसांत ताई कामावर आल्या, पण पूर्वीचं बोलणं संपलं. नवी कार्यकर्ती आली की पहिला प्रश्न एकच, "घरच्यांची तोंडं तपासलीस?" कुणी त्यांच्या संशोधनाचं कौतुक करू लागलं की त्या उठून जायच्या. पुढे गावोगावी रक्तदाब, मधुमेहाची तपासणीही सुरू केली. गोळ्या चुकवणाऱ्यांच्या दारात जाऊन त्यांना रागवायच्या. मी एकदा विचारलं, "ताई, तुमचा रक्तदाब?" म्हणाल्या, "आहे गं थोडा. गोळी घेते." मी विश्वास ठेवला. रोज शंभर जणांच्या दंडाला पट्टा बांधणारी मी, त्यांच्या दंडाला कधी बांधलाच नाही.

गेल्या आठवड्यात भाच्यासोबत त्यांची खोली आवरत होते. टेबलाच्या खणात रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या... बहुतेक न फोडलेल्या. "घेत का नव्हती ती?" त्यानं विचारलं. मी पट्ट्या होत्या तशाच आत ठेवल्या आणि हलकेच खण लोटला.