उमसुनाय-आपाचा पांढरा रुमाल

उमसुनाय-आपा माहेरची वरच्या आळीची आणि सासरची खालच्या आळीची. दोन्ही आळ्यांना पाट एकच. त्यामुळे पाण्यावरून कुणाचं डोकं फुटलं, तर ते तिच्या नात्यातलंच असायचं. आमच्यात आईला आपा म्हणतात, वडीलधाऱ्या बाईलाही. मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत. तिच्याविषयी वाईट बोलणार नाही. बाकीच्यांची हमी देत नाही.

आमच्यात पुरुषांची जुंपली आणि वडीलधाऱ्या बाईने डोक्यावरचा पांढरा रुमाल मधे टाकला, की हात थांबतात. रुमाल ओलांडणं म्हणजे आईला ओलांडणं. पूर्वी अशी वेळ पिढीतून एखाद्या वेळी यायची. मग डोंगरावरचा बर्फ मागे मागे सरकत गेला, पाट आटत गेला आणि आपाचं काम वाढलं.

आधी ती उन्हाळ्यात एकदा रुमाल टाकायची, पुढे पुढे पाण्याच्या दर पाळीला. धुऊन धुऊन रुमाल विरले. पुरुषांनाही सवय झाली. फावडी उगारून झाली की ते दांड्यावर हनुवटी टेकून उभे राहत.

“अरे, आपाला बोलवा की! किती वेळ ताटकळायचं?”

“येतेय, येतेय,” आपा घरातूनच ओरडायची. “पुलाव करपला तर तुम्ही खाणार आहात का, मेल्यांनो?”

मग ती येई, रुमाल पडे, सगळे आपापल्या घरी. पाणी कुणी किती घ्यायचं, हे मात्र कुणी ठरवत नसे. रुमाल पडला म्हणजे भांडण मिटलं, अशी गावाची समजूत. मीही त्यातलीच.

मधे शहरातून दोघं जण माहिती गोळा करायला आले होते. त्यांनी विचारलं, “हवामान बदलल्याने तुमचं काय नुकसान झालं, आजी?”

“वरच्या आळीतले आमच्याकडे मुली देईनात.”

ते हसले. “तसं नव्हे. पीकपाण्याचं?”

“पीक पुढच्या वर्षी येईल,” आपा म्हणाली. “सोयरीक कुठून आणू?”

तिच्या जिवाला घोर होता तो धाकटा भाऊ एशिम आणि मुलगा तालाय यांचा. आई लवकर गेल्यामुळे एशिमलाही तिनेच वाढवलं होतं. एशिमची बाग पाटाच्या तोंडाशी, तालायची पार शेपटाला. या दोघांत वैर येऊ नये, एवढंच तिचं मागणं.

त्या जुलैत एशिमने पाटात फळी घातली ती काढेचना. तालायच्या जर्दाळूंनी पानं टाकायला सुरुवात केली. तो फावडं घेऊन निघाला, मागे अख्खी खालची आळी. आपाला बोलावणं आलं. मीही गेले, भांडण बघायलाच, खोटं कशाला बोलू?

“मामा, फळी काढ.”

“आणि माझी झाडं काय तुझ्या बापाने शिंपायची?”

“बाप असता तर तुझी एवढी टाप नव्हती!”

फावडी वर गेली. आपाने रुमाल टाकला. एशिमचं फावडं खाली आलं. आम्ही सवयीने घराकडे वळलोसुद्धा.

तालायने रुमाल ओलांडला. रागाने नव्हे. चिखल लागू नये म्हणून पाय नीट उचलून, जपून. मग त्याने फळी उपटली. एशिमने अडवलं नाही. तो बहिणीच्या उघड्या डोक्याकडे बघत राहिला. पाणी खाली धावलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

“आपा, झाडं मरत होती गं,” तालाय म्हणाला.

“दिसत होतं मला.”

संध्याकाळी तो जेवायला आला. मीही तिथेच होते. आपाने रोटी मोडून पुढे ठेवली, रस्सा वाढला. मग चहा. आमच्यात आपल्या माणसाला चहा घोटभरच ओततात. म्हणजे तो पुन्हा मागतो, बसून राहतो. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे पी आणि ऊठ.

आपाने प्याला काठोकाठ भरला.

तालाय त्याच्याकडे बघत राहिला. “आपा, एवढा?”

“तहान लागली असेल,” ती म्हणाली.

चहा कढत होता. त्याने फुंकरही घातली नाही. सगळा प्यायला आणि उठला.