कासव परत घेऊन आलोय

मित्रांनो, हे मी वराळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून लिहितोय. शेजारच्या सीटवर बादली आहे आणि बादलीत कासव.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या वाढदिवसाला घेतलं, तेव्हा ते लिंबाएवढं होतं. आपल्याकडची कासवं विकणं, पाळणं गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. पण दुकानदार म्हणाला, "हे परदेशी आहे, चालतं. आणि एवढंच राहतं." मला तेवढंच ऐकायचं होतं. आता ते बशीएवढं झालंय. काचेच्या टाकीत त्याला धड वळताही येत नाही.

म्हणून आज पवना धरणात सोडायला गेलो. पुण्याचं काम करतोय असंच वाटत होतं. काठावर जाळं सोडवत बसलेल्या एका मावशींनी बादलीत डोकावून त्याच्या कानाजवळचा लाल पट्टा बघितला.

"ह्याला हितं सोडू नका, भाऊ. लोकांनी सोडलेली असली लय येत्यात जाळ्यात. हितली कासवं मातुर आता दिसत न्हाईत."

"मग कुठं सोडू, मावशी?"

"ते इकत घेताना इचारायचं व्हतं."

मी गाडी वळवली.

सकाळी निघताना लेकीने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं होतं. त्याला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, मी तुला रोज खायला द्यायचे."

ती वर वाट बघतेय. त्याची आई भेटली का, हेच आधी विचारेल. तुम्ही काय सांगितलं असतं?