जंजिऱ्याच्या दरवाजावरची अक्षरं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. ऐकून नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा.

शबाना आणि मी बजाजनगरच्या. एकाच कंपनीत शेजारीशेजारी उभ्या राहून माल तपासतो. समुद्र दोघींनीही पाहिलेला नव्हता, म्हणून काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, घरच्यांशी भांडून मुरुडला गेलो. जंजिऱ्याच्या दरवाजावर दगडात फारसी अक्षरं कोरलीत, असं तिनं कुठंतरी पाहिलेलं. ती उर्दू शाळेत शिकलेली. वाटभर तिचं एकच — "मी वाचून दावते तुला. अर्थ लागो न लागो."

शिडाच्या होडीत जीव मुठीत धरून बसलो, हातात हात घालून. होडीवाला सांगत होता — सिद्दींचा किल्ला, मराठ्यांना मिळाला नाही, पोर्तुगीजांना नाही, इंग्रजांनाही नाही. मागं काही पोरं कुजबुजली, हसली. कशावर? मला ऐकूही आलं नाही. तेवढ्यात समोरच्या बाईनं चिवडा पुढं केला आणि नावं विचारली. बाई साधी होती — तिच्यावर ढकलायचं नाहीये मला. मी माझं नाव सांगितलं. आणि शबानानं तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ही शोभा."

दोघींच्या अंगावर सारखेच पंजाबी ड्रेस. कुणाला काय कळणार होतं? शबानानं माझ्याकडं पाहिलं. हात मात्र सोडला नाही.

दरवाजापाशी त्या बाईच्या मुलीनं वर बोट दाखवून विचारलं, "काय लिहिलंय?" शबाना मान वर करून उभी. तिचे ओठ हलत होते — दिसत होते मला. मग म्हणाली, "काय की. मला नाय येत."

शोभाला कसं येणार?

परतताना त्या बाईनं हाक मारली, "शोभाताई, इकडं सावलीत या." शबाना उठून गेली. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? नाही बोलले.

आजही आम्ही एकत्र डबा खातो. तिनं विषय काढला नाही, मीही नाही. तिच्या काळजीपोटी केलं, असं म्हटलं असतं तर तुम्ही मानही डोलावली असती. पण मी ते म्हणणार नाही. तिला तिथं कसलाच धोका नव्हता. त्या होडीत मला शबानाची मैत्रीण व्हायचं नव्हतं.