वनिताची मलेरियाची गोळी

वनिता गोळ्या घ्यायला विसरली नव्हती.

आज तिचा स्मृतिदिन. सकाळपासून घरात पाहुणे आहेत आणि पुन्हा तेच ऐकलं, "गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या तर पोरगी हाती लागली असती."

पुरे झालं आता.

वनिता माझी धाकटी जाऊ. जावा जावा उभा दावा म्हणतात, आमचं मात्र एका ताटात जेवण.

तिला ल्युपस होता. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं, असा आजार. त्यावर कल्याणच्या डॉक्टरांनी तिला मलेरियाची गोळी कायमची चालू केलेली.

"मच्छर नाय चावला तरी मी मलेरियाची गोळी खाते," म्हणून स्वतःच हसायची.

मग कोरोना आला आणि टीव्हीवर सांगायला लागले, मलेरियाची गोळी कोरोनावर चालते.

झालं! शहापूर, मुरबाड, आसनगाव, एकाही मेडिकलमध्ये गोळी मिळेना. फोन केला की एकच उत्तर, "वहिनी, स्टॉक नाय."

लोकल बंद. गावाच्या रस्त्यावर काटे टाकलेले, आत कोणी येणार नाही, बाहेर कोणी जाणार नाही.

आम्हा दोघींचे नवरे भातसानगरला, धरणाच्या ड्यूटीवर, तिकडेच अडकलेले. घरात आम्ही दोघी आणि सासरे, आबा.

आणि आबांना ताप भरला.

दवाखान्याचं नाव काढू देईनात. "एकदा नेला का मानूस परत येत नाय. मी इथंच मरन."

मग वनिताकडे बघून म्हणाले, "पोरी, ती तुझी गोळी दे ना गो मला."

ती स्वयंपाकघरात आली. डब्यात शेवटचं पाकीट उरलेलं. मी तिचा हात धरला.

"डोकं फिरलंय का तुझं? तुला काय राहील?"

"ताई, बापासारखा मानूस हात पसरतोय. काय सांगू? माझी हाय, देत नाय?"

तिने अख्खं पाकीट आबांना दिलं. पहिली गोळी तोंडात टाकायच्या आधी आबांनी विचारलं होतं. खोटं कशाला बोलू, विचारलं होतं. "तुला हायेत ना गो?"

"हायेत ना आबा. डबा भरलाय."

आबा बरे झाले. गावभर सांगत सुटले, सुनेच्या गोळीनं वाचलो.

इकडे वनिताचे सांधे सुजले. मग चेहरा, मग पाय. गोळी परत मिळायला लागली तोवर आजार किडनीपर्यंत गेला होता.

कल्याणला जाताना रिक्षात तिने मला शपथ घातली. "आबांना कळलं तर जगायचे नाय. कोनाला बोलू नको."

डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले, "गोळी बंद का केलीत? शिकलेल्या ना तुम्ही?"

ती मान खाली घालून म्हणाली, "विसरले." मिळाली नाही म्हटलं असतं, तर भरलेल्या डब्याचं खोटं आबांना कळलं असतं.

मी बाजूलाच उभी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

डायलिसिस चालू झालं. तरी ती गेली.

पुढे तेच डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, त्या गोळीने कोरोना बरा होतच नाही. म्हणजे आबांचा ताप त्याचा तोच उतरला असणार. घरी येऊन मी मोरीत बसून रडले. राग कुणावर काढू, तेच कळेना.

आज आबांनी तिच्या फोटोला हार घातला आणि पाहुण्यांना म्हणाले, "मला वाचवलं हिनं. पन सोताच्या गोळ्या घ्यायला विसरली. येडी पोर."

सांगावं तर म्हातारा खचून जाईल. गप्प बसावं तर माझी वनिता जन्माची निष्काळजी ठरते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

आबा फेसबुकवर नाहीत. हात जोडते, हे त्यांना कुणी वाचून दाखवू नका.

बाकी कुणी यापुढे तिला विसराळू म्हणालं, तर माझ्याशी गाठ आहे.

वनिता, तुझा शब्द अर्धाच पाळला गो मी. सगळा नाय झेपला.

जिथे असशील तिथे सुखात राहा.
तुझी ताई