मूर्तिजापूरचा मामा

आमच्या वऱ्हाडात कोणी 'कोनाची वो तू?' असं विचारलं, की सगळं सांगायचं असतं. बापाचं गाव, आईचं माहेर, मामे किती, शेतात काय लावलंय, सगळं. अर्धवट उत्तर दिलं की पोरगी शिष्ट ठरते, आणि बाहेरगावी शिकायला गेलेली असली तर आणखीच. मी शिकायला गेलेली होते, म्हणून शिष्ट दिसू नये याची धास्ती मला जास्त. तेव्हा विचारलं त्याहून चार गोष्टी मी जादाच सांगायची. ती खोड मला एकदा फार महागात पडली असती.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. मी अमरावतीला मुलींच्या ट्रेनिंग शाळेत मास्तरीण व्हायला शिकत होते, राहायला तिथल्याच वसतिगृहात. घर अकोल्याला, मोर्णेच्या काठी. फुलांचा मळा आमचा. दर सुट्टीला बाबा नाहीतर काका न्यायला यायचे. त्या वर्षी मात्र दिवाळी तोंडावर आली आणि झेंडू एकदम फुलला. ते चार दिवस आमच्या घरात कोणाला आजारी पडायलाही सवड नसते, मग मला न्यायला कोण येणार? बाबांचं पत्र आलं, बडनेऱ्याहून दुपारच्या गाडीला जनाना डब्यात बस, अकोल्याला मी उभा असेन.

खाली काकांनी दोन ओळी जोडल्या होत्या. वाटेत काही कमीजास्त झालं आणि चार लोकांच्या तोंडी आपलं नाव आलं, तर पोरीची शाळा त्याच दिवशी बंद. काका रागाने बोलत नसत, म्हणून त्यांची जास्त भीती वाटायची. बोललेलं ते करायचेच.

मला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

बडनेऱ्याच्या फलाटावर मी माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसले होते. शेजारी एक म्हातारी संत्र्यांची टोपली घेऊन बसलेली. तीही अकोल्यालाच निघालेली. तिने नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी सुरू झाले. बाबांचा मळा, झेंडूची तोडणी, न्यायला कोणी आलं नाही ते, आईचं माहेर एलिचपूरच्या अलीकडे आहे ते, तिघं मामा, आणि थकलेली आजी. पुढच्या बाकावर एक गृहस्थ पान खात बसले होते. धुतलेलं धोतर, काळी टोपी, मांडीवर छत्री. त्यांचे कान आमच्याकडे असतील हे माझ्या गावीही नव्हतं.

गाडी आली. डब्यात आम्ही अकरा जणी होतो. भीती वाटली की मी मोजत बसते, ही सवय मला अजून आहे. कुरमपर्यंत पेटीला हात लावून बसले, माना गेलं तसा जरा श्वास मोकळा झाला. म्हातारीने एक संत्रं सोलून निम्मं माझ्या हातावर ठेवलं.

मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबते. पलीकडे एलिचपूरकडे जाणारी छोटी गाडी वाफ सोडत उभी होती. तेवढ्यात आमच्या डब्याच्या दारात काळ्या टोपीचे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. बडनेऱ्याच्या बाकावरचे ते हेच, हे म्हातारीला आणि मला पुष्कळ नंतर उमगलं.

"अकोल्याच्या फुलमळ्यातली पोट्टी हाय का वो इथं?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हेच ते. चेहरा मायवरच गेला. मी तुया मायच्या गावचा, म्हंजे मामाच लागतो तुले. तुही आजी लय बिमार हाय. माय तुही कालच तिथं आली. पोट्टीले मूर्तिजापुरातच उतरवून घ्या म्हने. चाल, छोटी गाडी सुटून राह्यली."

आईच्या गावचा माणूस म्हणजे मामा, हे आमच्याकडे कोणी तपासत नाही. मी तरी त्या गावातली सगळी माणसं कुठे पाहिली होती? आजी खरोखरच शेवटच्या घटका मोजत असली तर? बाबांच्या पत्रात आजीचं काही नव्हतं, पण पत्राला आता चार दिवस झाले होते.

"बाबा अकोल्याला उभे आहेत," मी कसंबसं म्हणाले.

"त्याईले तार केली ना!"

डब्यातल्या बायकांना सगळं पटलं होतं. "जाय वो माय, म्हतारी वाट पाहून राह्यली असंन," एक म्हणाली. "मामा घ्याले आला, आता काय इचार करतं?" दुसरी म्हणाली. आणि संत्रीवालीने तर मदत म्हणून माझी पेटी उचलून दारातून खाली त्याच्या हातात दिलीसुद्धा. त्या पेटीत माझी सगळी पुस्तकं होती. कोणी मला ओढत नव्हतं, कोणी धमकावत नव्हतं. सगळी चांगली माणसं मिळून मला खाली ढकलत होती आणि मला नाही म्हणायला शब्द सुचत नव्हते. ओरडावं तर पोलीस, जबान्या, गावभर बोभाटा, आणि काकांच्या त्या दोन ओळी. न ओरडावं तर ती छोटी गाडी.

मी उतरले. पेटी त्याच्या डाव्या हातात होती, छत्री काखेत. थोडा वेळ तरी काढावा म्हणून, दुसरं काही सुचेना म्हणून, शाळेत बाईंना करतो तसा मी वाकून नमस्कार केला. माझी बोटं त्याच्या वहाणेला लागली. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सुखी राय."

पाय त्याने मागे घेतला नाही.

मी वाकलेलीच राहिले क्षणभर. माझे मामा! मी लहानपणी खेळताना चुकून त्यांच्या पायाला हात लावला तर ते विस्तव पडल्यासारखे मागे सरायचे आणि उलट माझ्याच पायांवर डोकं ठेवायचे. आमच्या भागात मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीला पाया पडू देणं म्हणजे पाप, आणि हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या माणसाने पान चघळत आशीर्वाद दिला होता.

भीती गेली असं म्हणणार नाही. पण आता मला माहीत होतं की तो खोटा आहे, आणि ते माहीत झाल्याबरोबर माझा आवाज परत आला. मी दोन्ही हातांनी पेटीची कडी धरली आणि दारातल्या म्हातारीला म्हणाले, "आजी, यानं मले पाया पडू देल्लं."

तिचा चेहरा बदलला.

"काहून रे," ती पायरीवर येत म्हणाली, "कोन्या गावचा मामा तू? भाचीले पाया पडू देते?"

"अवो, घाईत ध्यानातच नाही राह्यलं," तो हसला.

"घाईत? माहा भाऊ मराले टेकला व्हता, तरी हात लांबवून माह्या पोरीचे पाय धरले त्यानं. सोड ते पेटी!"

तिच्यामागे बाकीच्या दारात गोळा झाल्या होत्या. तो पेटी सोडेना. मी ओढली, त्याने ओढली, कडी माझ्या बोटांत रुतली. म्हातारीने टोपलीतलं एक संत्रं उचलून त्याच्या छातीवर असं हाणलं की त्याची छत्री खाली पडली. मग त्याने पेटी सोडली, छत्री उचलली आणि रूळ ओलांडून तो छोट्या गाडीकडे चालता झाला. पळालासुद्धा नाही.

"पोलीस! ओ पोलीस!" म्हातारीने तोंडाला पदर न लावता हाक मारली. मी तिचा हात घट्ट धरला. "नका, आजी. पाया पडते तुमच्या. घरी कळलं तर माझी शाळा जाईल." तिने हाक तिथेच सोडली आणि पेटीचं एक टोक उचललं. शिट्टी झाली, आम्ही चढलो.

तो माणूस माझ्यामुळे सुटला. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या कोणाचा मामा झाला असेल, आणि ती पोर कदाचित वाकली नसेल. मी पुढे कित्येक वर्षं मुलींना शिकवलं, प्रवासात आपली वंशावळ कोणाला सांगू नका हे दर वर्षी सांगितलं, पण ही टोचणी काही जात नाही.

काटेपूर्णा, बोरगाव, येऊलखेड. मी सगळ्या वाटेने रडत होते. म्हातारी मधूनमधून स्वतःच्याच गालात मारून घेत होती, पेटी तिने उचलून दिली होती म्हणून.

अकोल्याला बाबा जनाना डब्यासमोरच उभे होते. बोटं झेंडूने पिवळी झालेली, मुंडाशात पाकळ्या अडकलेल्या. मला पाहताच त्यांनी विचारलं, "डोये काहून लाल झाले तुहे?" मी पेटी खाली ठेवून डोळे पुसले. त्यांनी माझ्या मागून उतरणाऱ्या बायांकडे पाहिलं. "वाटेत काही झालं का वो?"

संत्रीवाली टोपली डोक्यावर घेत होती.

"इंजनाचा कोयसा गेला डोयात," ती म्हणाली. "बाकी काही नाही. पोट्टी हुशार हाय तुही. धाडत जाय एकटी."

"व्हय, व्हय, कोयसाच," मागून दोघी-तिघी म्हणाल्या.

बाबांचा चेहरा उजळला. टांग्यात बसल्यावर आणि घरी गेल्यावर त्यांनी काकांना, आईला, फुलं तोडणाऱ्या बायांना, दिसेल त्याला सांगितलं, पोरगी एकटी आली. काका काही बोलले नाहीत, आणि सुट्टी संपल्यावर मी परत शाळेत गेले. बाबा मरेपर्यंत ती गोष्ट तशीच अभिमानाने सांगत राहिले आणि मी दर वेळी मान खाली घालून ऐकत राहिले. एकटी कुठली, बाबा. अकरा जणी आलो आम्ही.