ज्वारीच्या पोत्यातली फाईल

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. सर समोर उभे होते म्हणून आईचा फोन दोनदा कट केला. तिसऱ्यांदा बाहेर येऊन उचलला, तर आई नुसतीच माझं नाव घेत राहिली. शेवटी शेजारच्या काकूंनी फोन घेतला. "शीतल, दिगंबर मामा गेले गं. मोंढ्यात गाडी खाली करायलते, तिथंच बसले. दवाखान्यात न्यायच्या आधीच..." पुढचं मला ऐकू आलं नाही. इंदूरहून निघाले, दोन गाड्या बदलल्या, पालमला उतरून जीपने गावात पोचले तोवर सगळं उरकलं होतं. माझ्यासाठी थांबा असं फोनवर म्हणावंसं वाटलं होतं, पण तेवढा धीर झाला नाही.

याला आता सहा आठवडे झाले. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि कुणाबद्दल काही लिहायचं म्हणजे काय ते मला नीटसं माहीतही नाही. पण मामांना एक गोष्ट सांगायची राहून गेली. दोन वर्षं त्यांना वाटत राहिलं की त्यांच्यामुळे माझं होस्टेल गेलं. ते खरं नव्हतं. आणि ते मला ठाऊक होतं...

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. त्यांच्याकडे एक जुनी पिकअप होती, त्यावर ते मोंढ्याचं, म्हणजे धान्यबाजारातल्या मालाचं, भाडं मारायचे. मला इंदूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा माझ्या वडिलांपुढे, आबांपुढे, प्रश्न होता, पोरीला इतक्या लांब पोचवायचं कसं. आबा परभणीच्या पुढे कधी गेले नव्हते. मामा म्हणाले, "म्या हाय ना. खाट, शेगडी, पेटी, समदं गाडीत टाकू. भाचीला काय बसमधी उभं राहून पाठवायची?" शनिवारी संध्याकाळपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन कॉलेजात हजर व्हायचं होतं. आम्ही गुरुवारी पहाटे निघालो. दोन दिवस हातात होते, त्यामुळे कुणालाच काळजी नव्हती.

जिंतूरच्या अलीकडे पाऊस लागला आणि पिकअपचं टप गळायला लागलं. नेमकं माझ्या बाजूला. माझ्या मांडीवर फाईल होती, दहावी-बारावीच्या मार्कमेमोपासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं त्या एका फाईलमध्ये. मामांनी गाडी कडेला घेतली, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि मागे जाऊन ताडपत्रीखालच्या ज्वारीच्या पोत्यात खोल खुपसली. आमच्याकडे जपायची वस्तू धान्यातच ठेवतात. मामीची बोरमाळ, जमिनीची कागदं, सगळं ज्वारीत असतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पोती दोन होती. एक माझ्यासाठी, इंदूरला भाकरी करून खायला. दुसरं चारठाण्याच्या मावशीसाठी, कारण वाटेवर बहिणीचं गाव लागलं तर मामा रिकाम्या हाताने पुढे जात नसत आणि न थांबताही जात नसत.

मावशीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी घड्याळ बघत होते. मामा पाटावर निवांत बसून म्हणाले, "अगं, इंदूर कुठं पळून जायलंय का?" आम्ही जेवत असताना मावशीच्या यजमानांनी, काकांनी, मदत म्हणून एक पोतं उतरवून घेतलं. दोन्ही पोती खताच्या रिकाम्या गोण्यांचीच, सारख्याच रंगाची, सारख्याच सुतळीने बांधलेली.

मलकापूरच्या पुढे टायर पंक्चर झालं. जॅक काढायला सामान हलवावं लागलं, तेव्हा सहज म्हणून मी पोत्यात हात घातला. फाईल लागेना. खांद्यापर्यंत हात घातला. मग मामांनी रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरली आणि पोतं पालथं केलं. ज्वारीच ज्वारी. आम्ही दोघं त्या ढिगात हात फिरवत बसलो होतो आणि शेजारून ट्रक जात होते. मावशीला फोन लावला तर ती म्हणाली, "फाईल ना? हाय की. तुमी गेल्यावर पोतं कणगीत वतलं तवा निघाली. म्या म्हणलं, दादानं जपून ठिवायला दिली आसंल. फडताळात ठिवलीय, काळजी करू नको." तिने फोन केला नाही, कारण भावाने धान्यातून दिलेल्या कागदाबद्दल विचारायचं नसतं, नुसतं सांभाळायचं असतं...

मामा ज्वारी ओंजळीने परत पोत्यात भरायला लागले. दाणा न दाणा. मी म्हटलं, "राहू द्या ना ती." ते म्हणाले, "अन्न हाय बाई. पाच मिन्टं." तेव्हा मी त्यांना म्हणाले, "मामा, तुमच्यामुळं गेलं माझं सगळं. मी एकटी बसनं आले असते तर बरं झालं असतं." ते दाणे वेचत राहिले. ज्वारी भरून झाली, पोत्याचं तोंड बांधलं, गाडी वळवली. काका मोटारसायकलवर अर्ध्या वाटेपर्यंत फाईल आणून द्यायला तयार होते, पण मामा म्हणाले, "पावसात त्येला कशाला. चूक माझी हाय, म्याच जातो." परतीच्या सगळ्या वाटेत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

शुक्रवारी पुन्हा तोच रस्ता. एका नदीवर पूल पाण्याखाली होता, म्हणून गावागावातून फिरून जावं लागलं. मामांना मोबाईलमधल्या नकाशावर भरवसा नव्हता. ते गाडी थांबवून माणसाला विचारायचे, आणि एकाला विचारून समाधान व्हायचं नाही. तीन जणांनी एकच हात दाखवला तरच गाडी पुढे. मध्य प्रदेशात गेल्यावर त्यांची हिंदी म्हणजे, "भैया, इंदूर को ये रस्ता जाता क्या, या वो जाता?" एका म्हाताऱ्याने विचारलं, "कहाँ से आ रहे हो?" तर मामांनी आमच्या गावाचं नाव सांगितलं, तालुक्याचंही नाही. आता मला हसू येतं. तेव्हा नखं खात होते. खंडव्याला क्लच प्लेट गेली. मेकॅनिकच्या दुकानात अर्धा दिवस गेला. मामा त्याच्या मागे उभे राहून सारखे म्हणत होते, "भैया, लडकी का ॲडमिशन है."

शनिवारी चार वाजता आम्ही कॉलेजच्या फाटकात शिरलो. प्रवेश पक्का झाला. पण होस्टेलच्या खिडकीवर सांगितलं, जागा नाही. मामा खिडकीला धरून उभे राहिले. "साब, हम कल आते तो?" आतल्या माणसाने वर पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मामा पायरीवर बसले आणि म्हणाले, "म्या घालवलं बघ." मी नाही म्हणाले नाही.

महिन्याभराने एका कामासाठी मी त्याच कार्यालयात गेले. तिथल्या मॅडमनी यादी काढून दाखवली. मुलींच्या जागा आम्ही घरून निघण्याच्या आधीच भरल्या होत्या. गुरुवारी पोचले असते तरी मला खोली मिळाली नसती. मी बाहेर आले, फोन हातात घेतला... आणि मामांना लावला नाही. का, ते मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. त्या वर्षी मी एका अंधाऱ्या खोलीत तिघींबरोबर राहत होते, पाणी एक दिवसाआड यायचं, वर्गात काही समजत नव्हतं. ह्या सगळ्याला कुणीतरी कारण आहे असं वाटलं की जरा बरं वाटायचं. एवढंच. नंतर लाज वाटायला लागली, आणि मग ती लाजच आड यायला लागली. मामा दर आठवड्याला फोन करून विचारायचे, "पाणी आलं का? खोलीत ऊन येतंय का?" आणि शेवटी, "माझ्यामुळं लय हाल झाले बाई तुझे." मी म्हणायचे, जाऊ द्या मामा. माफ केल्यासारखी.

दिवाळीत सांगायचं ठरवून गेले होते. तर मामा चहाच्या हॉटेलात चारचौघांना तीच गोष्ट सांगत होते, "भाचीचं होस्टेल म्या ज्वारीत पुरलं बघा," आणि सगळे हसत होते, मामाही. त्या हसण्यात मला जागाच सापडली नाही. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं.

गेल्या आठवड्यात पाथरीचा एक माणूस पिकअप बघायला आला. मामी आता ती ठेवून काय करणार. त्याने केबिनमध्ये बसून बघितलं आणि म्हणाला, "हे काय वो? पायाला लागायलंय." सीटखाली एक पत्र्याचा डबा होता, झाकणाचा, तळाला वेल्डिंग केलेला. मी तो कधी पाहिला नव्हता. मामी म्हणाली, "हिची कागदं हुकली ना, तवापासून बसवून घेतलाय. आत पाणी जात न्हाई."

मी उघडला. गाडीची कागदं होती, आणि खाली पिशवीत माझ्या सगळ्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. त्या दिवाळीत त्यांनी माझी फाईल तासाभरासाठी मागून नेली होती, मी कुरकुरले होते. प्रत्येक झेरॉक्सच्या खाली मामांनी सही केली होती. कॉलेजच्या खिडकीवर मला प्रतींवर सह्या कराव्या लागल्या तेव्हा ते शेजारी उभे होते. सहीशिवाय कागद चालत नाही, एवढं त्यांनी लक्षात ठेवलं असावं.

तिथेच, त्या माणसासमोर, मी मामीला सगळं सांगितलं. यादीचं, तारखांचं, फोन न केल्याचं. मामी बराच वेळ दाराच्या काचेवरची धूळ पदराने पुसत राहिली. मग म्हणाली, "मला सांगून काय व्हतंय, शीतल."

त्या माणसाला डबा काढून हवा होता. वेल्डर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, कापला तर तळाला भोक पडेल. मग राहू द्या, तो माणूस म्हणाला. मंगळवारी गाडी गेली. झेरॉक्स मी काढून घेतल्या आहेत. त्या सहीने त्या कुठेच चालणार नाहीत. रोज त्या काढते, खालची सही बघते, आणि सांगायला सुरुवात करते... 'मामा, तुमच्यामुळं नव्हतं गेलं,' आणि त्याच्या पुढे काय बोलायचं ते मला येत नाही.